आयात केलेल्या कपड्यांचा टॅरिफ कोड कसा ठरवायचा: नाशिकच्या व्यापाऱ्यांसाठी

पुरवठादार इनव्हॉइसवर ‘लेडीज टॉप’ लिहितो, शेजारी एक टॅरिफ कोड (मालाचा प्रकार सांगणारा, ज्यावरून ड्युटी ठरते तो क्रमांक) टाकतो आणि तोच कोड पुढे बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रात जातो. मेन रोड, शालिमार किंवा कॉलेज रोडवरच्या दुकानांसाठी परदेशातून तयार कपडे मागवताना पहिली चूक इथे होते. पुरवठादाराचा कोड त्याच्या देशाच्या निर्यातीसाठी असतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पण सातवा आणि आठवा आकडा प्रत्येक देश स्वतः ठरवतो. शिवाय सहा आकडेसुद्धा त्याने नीट पाहून लिहिले असतील याची खात्री नसते. आपल्याकडे २०११ पासून स्वयंमूल्यांकन आहे. कस्टम्स कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोड आणि ड्युटी आयातदारानेच ठरवायची. ‘पार्टीने पाठवला तो टाकला’ हे उत्तर कुठेच चालत नाही, आणि ‘सीएचएने (कस्टम्स एजंटने) टाकला’ हेही नाही.

कोड नावावरून ठरत नाही, हातातल्या कपड्यावरून ठरतो. म्हणून ऑर्डर पक्की करण्याआधी प्रत्येक स्टाइलचा एक नग कुरिअरने नाशिकला मागवून घ्या. कंटेनर न्हावा शेव्याला उतरल्यावर कपडा पहिल्यांदा बघण्यात अर्थ नाही. तोवर दर ठरलेला असतो, विक्रीची किंमत ठरलेली असते आणि सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं रोज चढत असतं.

प्रश्नांचा क्रम

कायद्याचा आधार आहे कस्टम्स टॅरिफ कायदा १९७५ चं पहिलं परिशिष्ट. त्यातल्या सेक्शन ११ मध्ये चॅप्टर (कोडचे पहिले दोन आकडे) ५० ते ६३ कापड-कपड्यांचे आहेत. तयार कपडे ६१ आणि ६२ मध्ये येतात. अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यातला पहिला सांगतो की हेडिंगचे (कोडच्या पहिल्या चार आकड्यांच्या वर्णनाचे) शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स यावर वर्गीकरण ठरतं. कपड्यांच्या बाबतीत नव्वद टक्के उत्तरं या नोट्समध्येच सापडतात. हेडिंगची यादी वाचून नोट्स न वाचणारा माणूस हमखास चुकतो.

बरेच जण सुरुवात ‘कॉटन आहे की पॉलिएस्टर’ इथून करतात. हा प्रश्न जवळजवळ शेवटचा आहे. आधी पाहायचं की ही वस्तू या दोन चॅप्टरची आहे का. चामड्याचं जॅकेट ४२०३ मध्ये जातं, टोपी चॅप्टर ६५ मध्ये, आणि कापडाचा थर नसलेला निव्वळ पीव्हीसीचा रेनकोट ३९२६ मध्ये. मग वीण पाहायची. मग बाळाचा कपडा आहे का, कोटिंग आहे का. मग कपड्याचा प्रकार, मग पुरुषांचा की बायकांचा, आणि त्यानंतर धागा. क्रम बदलला की चुकीच्या चॅप्टरमध्ये बरोबर धागा शोधत बसायची वेळ येते.

साडीचा मुद्दा इथेच उरकतो, कारण येवला जवळ असल्यामुळे हा प्रश्न नाशिकमध्ये हटकून विचारला जातो. न शिवलेली साडी टॅरिफमध्ये कपडा नाही, कापड आहे. रेशमी साड्यांची ओळ चॅप्टर ५० मध्ये ५००७ खाली आहे. शाल मात्र तयार वस्तू धरली जाते: विणीप्रमाणे ६११७ किंवा ६२१४.

वीण: ६१ की ६२

धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून केलेलं, म्हणजे होजिअरी विणीचं किंवा क्रोशाचं कापड असेल तर चॅप्टर ६१. ताणा-बाणा असलेलं मागावरचं कापड असेल तर ६२. येवल्याच्या मागावर बसलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. दुकानात मात्र ‘ताणलं जातं म्हणजे होजिअरी’ असा समज पक्का असतो, आणि तो चुकीचा आहे. इलॅस्टेन घातलेली मागावरची डेनिमसुद्धा छान ताणली जाते. उलट डेनिमसारखी दिसणारी जेगिंग बऱ्याचदा होजिअरी विणीची निघते. एक चॅप्टर ६२ ची, दुसरी ६१ ची.

भिंगाखाली धरा. फासे दिसले तर ६१, काटकोनात एकमेकांवरून जाणारे धागे दिसले तर ६२. शंका असेल तर कापलेल्या कडेचा एक धागा ओढा. मागावरच्या कापडातून सरळ धागा सुटतो, होजिअरीचा धागा नागमोडी निघतो किंवा फासे सुटत जातात.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. ब्रेसिअर, गर्डल, कॉर्सेट हे कशाही विणीचे असोत, ६२१२ मध्येच जातात.

दोन विणी एकाच कपड्यात असतील, उदाहरणार्थ मागावरच्या डेनिमच्या जॅकेटला होजिअरीच्या बाह्या, तर तिसऱ्या नियमाचा ‘ब’ भाग लावून कपड्याला त्याचं मुख्य स्वरूप कोणत्या भागाने दिलं ते ठरवायचं. क्षेत्रफळ, वजन, समोरून काय दिसतं हे सगळं मोजून लिहून ठेवा. गळ्याची, मनगटाची रिब ही सजावट आहे, ती मोजायची नाही.

बाळाचा कपडा आणि कोटिंग

हे दोन प्रश्न आधी विचारायचे, कारण ते बाकीच्या हेडिंगना मागे टाकतात. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांचे कपडे ६१११ किंवा ६२०९ मध्ये जातात, मग तो शर्ट असो वा पँट. लेबलवर महिने लिहिलेले असतात, सेंटिमीटर नसतात. म्हणून पुरवठादाराकडून साइज चार्टमध्ये अंगाची उंची लिहून घ्या. एकाच स्टाइलच्या लहान साइज बाळांच्या हेडिंगमध्ये आणि मोठ्या साइज मुलांच्या हेडिंगमध्ये जाऊ शकतात. पॅकिंग लिस्ट साइजवार नसेल तर हे वेगळं करता येत नाही, आणि मग तपासणीच्या वेळी कार्टन उघडून नग मोजत बसावं लागतं.

आता कोटिंग. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसामुळे नाशिकला रेनकोट आणि विंडचीटर मोठ्या संख्येने लागतात, आणि सगळ्यात जास्त घोळ यातच असतो. चॅप्टर ५९ ची नोट सांगते की प्लास्टिकचं लेपन नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तरच ते कापड ५९०३ चं, म्हणजे कोटिंगच्या कापडाच्या हेडिंगचं. लेपनामुळे फक्त रंग बदललेला दिसत असेल तर तो बदल धरायचा नाही. म्हणून नायलॉनच्या रेनकोटची आतली बाजू उन्हात धरा. चकचकीत किंवा चिवट, विणीची भोकं बुजवणारा थर दिसला तर मागावरच्या कापडाचा रेनकोट ६२१० मध्ये, होजिअरीचा ६११३ मध्ये. थर दिसत नाही, पाणी फक्त मोत्यासारखं घरंगळतं, तर ती वॉटर रिपेलंट फिनिश आहे. अशा वेळी पुरुषांचं जॅकेट ६२०१ मध्ये, बायकांचं ६२०२ मध्ये. कागदावर दोन्हींना ‘वॉटरप्रूफ जॅकेट’ म्हणतात. पुरवठादाराला थेट विचारा: पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग आहे का, आणि कोणत्या बाजूला? उत्तर लेखी घ्या.

६२०१ आणि ६२०२ बद्दल आणखी एक सावधगिरी. १ जानेवारी २०२२ पासून या हेडिंगची आतली मांडणी बदलली. आता ६२०१ २० लोकर, ६२०१ ३० कॉटन, ६२०१ ४० मानवनिर्मित धागे आणि ६२०१ ९० इतर. पुरवठादाराने ६२०१ ९३ लिहिलं असेल तर तो जुन्या यादीवरून लिहितो आहे, आणि त्याच्या बाकीच्या कोडवरही भरवसा ठेवू नका.

कपड्याचा प्रकार

टी-शर्ट म्हणजे ६१०९. पण टॅरिफमधला टी-शर्ट दुकानातल्या टी-शर्टपेक्षा बराच अरुंद आहे: हलका, होजिअरी विणीचा, कॉलर नाही, बटण नाही, गळ्याला फट नाही, आतून लव काढलेली नाही. नोटप्रमाणे तळाशी नाडी, रिब किंवा आवळण्याची दुसरी सोय असेल तर तो ६१०९ मधून बाहेर.

आपण ज्याला ‘कॉलरवाला टी-शर्ट’ म्हणतो तो पोलो पुरुषांसाठी ६१०५, बायकांसाठी ६१०६. इथेही अटी आहेत. कमरेखाली खिसा नको, तळाशी रिब नको, आणि किमान १० बाय १० सेंटिमीटर जागेवर मोजून दोन्ही दिशांना सेंटिमीटरला सरासरी १० टाके हवेत. जाड विणीचा पोलो या कसोटीला उतरत नाही आणि ६११० मध्ये, म्हणजे स्वेटर-जर्सीच्या हेडिंगमध्ये जातो. टाके मोजणं कठीण नाही. कापड न ताणता सपाट टेबलावर पसरा, १० सेंटिमीटर आखा, भिंगातून उभे आणि आडवे फासे मोजा आणि १० ने भागा. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. ताणून मोजलं तर आकडा कमी येतो.

६१०५ बिनबाह्यांच्या कपड्याला घेत नाही. मागावरचा पुरुषांचा बिनबाह्यांचा शर्टही ६२०५ मध्ये बसत नाही, तो ६२११ मध्ये जातो. बायकांच्या ब्लाउजला मात्र बाह्या नसल्या तरी चालतं. तळाशी रिब किंवा कमरेखाली खिसा मात्र ६२०६ लाही चालत नाही, आणि कुर्तीत ही चूक फार होते. बाजूच्या शिवणीत खिसा असलेला मागावरचा ट्युनिक ६२०६ दाखवला जातो, तो ६२११ चा असतो. नमुना उलटा करून शिवणी चाचपा. फोटोत हा खिसा दिसत नाही.

स्वेटशर्ट आणि हुडी सर्वसाधारणपणे ६११०. निफाडचा पारा खाली गेला की जे ॲक्रिलिक स्वेटर इकडे विकले जातात, ते ६११० ३०. लोकरीचा स्वेटर वेगळ्या ओळीत जातो, म्हणून ‘वूलन’ हा दुकानातला शब्द बिल ऑफ एंट्रीत येऊ देऊ नका. ॲक्रिलिकला वूलन म्हणणं बाजारात चालतं, कस्टम्समध्ये ते चुकीचं घोषणापत्र ठरतं.

सेट

सेटचा विषय थोडा सावकाश वाचा. बाकीच्या मालात एकत्र पॅक केलेल्या वस्तू एकाच कोडखाली जाऊ शकतात. कपड्यांसाठी सेक्शन ११ च्या नोट १४ ने हा रस्ता बंद केला आहे. ६१०१ ते ६११४ आणि ६२०१ ते ६२११ मधले कपडे किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधले असले तरी प्रत्येकाला आपापलं हेडिंग. अपवाद हेडिंगनेच दिलेले: सूट, एन्सेम्बल (एकाच कापडाच्या कपड्यांचा जोड), पायजमा सेट, ट्रॅकसूट, स्की सूट.

सूट म्हणवून घ्यायला बाहेरचं कापड वीण, रंग आणि धागा या तिन्हींत तंतोतंत एक हवं, मापं जुळणारी हवीत, आणि जॅकेटचं अंग बाह्या सोडून चार किंवा जास्त तुकड्यांचं हवं. एन्सेम्बललाही कापड एकच लागतं, आणि चॅप्टर ६१ मध्ये त्यात ६१०९ चा टी-शर्ट धरता येत नाही. त्यामुळे मुलांचा ‘टी-शर्ट आणि शॉर्ट्स सेट’ एका पिशवीत, एका हँगरवर, एका किमतीत आला तरी टी-शर्ट ६१०९ आणि शॉर्ट्स ६१०३ किंवा ६१०४. इनव्हॉइसवर सेटची एकच किंमत असेल तर ती दोन भागांत कशी वाटायची हा पुढचा प्रश्न येतो. पुरवठादाराकडून आधीच दोन किमती लिहून घेतल्या की तो येत नाही.

कुर्ता-सलवारचं वेगळं आहे. भारताच्या टॅरिफमध्ये ६२११ खाली दुपट्ट्यासह किंवा दुपट्ट्याशिवाय कुर्ता-सलवारची ओळच आहे. पण तुमचा सेट खरोखर त्या वर्णनाचा आहे का ते पाहा. कुर्ता आणि जीन्स एकत्र बांधल्याने कुर्ता-सलवार होत नाही.

पुरुषांचा की बायकांचा

समोरून उघडणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजव्या बाजूवर येत असेल तर पुरुषांचा, उजवी डावीवर येत असेल तर बायकांचा. बेतावरून स्पष्ट कळत असेल तर बटणपट्टीचा नियम लागत नाही. ‘युनिसेक्स’ लिहिलेला, कोणाचा ते ओळखू न येणारा कपडा बायकांच्या हेडिंगमध्ये जातो. व्यापारी सवयीने तो पुरुषांच्या हेडिंगमध्ये टाकतात.

धागा

आता धागा. मिश्र कापड वजनाने सगळ्यात जास्त असलेल्या धाग्याचं धरायचं. ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलॅस्टेनची पुरुषांची जीन्स ६२०३ ४२, बायकांची ६२०४ ६२. इथवर सोपं आहे.

चूक तीन धाग्यांत होते. समजा शर्टात ४५ टक्के कॉटन, ३० टक्के पॉलिएस्टर, २५ टक्के व्हिस्कोज आहे. कॉटन सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून ६२०५ २० टाकलं जातं. पण सेक्शन ११ च्या नोट २ प्रमाणे आधी चॅप्टर ठरवायचा, आणि मानवनिर्मित धाग्यांचे चॅप्टर ५४ व ५५ दुसऱ्या चॅप्टरसमोर एकच धरायचे. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज दोन्ही तिकडचे. ३० आणि २५ मिळून ५५, म्हणजे कॉटनपेक्षा जास्त. हा शर्ट ६२०५ ३०, मानवनिर्मित धाग्यांचा.

बरोबर निम्मे-निम्मे असेल तर टॅरिफच्या क्रमाने शेवटी येणारा धागा जिंकतो. कॉटन-पॉलिएस्टर ५०-५० म्हणजे मानवनिर्मित. लोकर-कॉटन ५०-५० म्हणजे कॉटन. कॉटन-लिनन ५०-५० असेल तर लिनन, आणि शर्ट ६२०५ ९०.

बाजारात ‘पीसी’ म्हणजे पॉलिएस्टर जास्त आणि ‘सीव्हीसी’ म्हणजे कॉटन जास्त. हे शब्द टक्केवारी सांगत नाहीत. आणि ५२-४८ सारख्या काठावरच्या मिश्रणापासून शक्यतो लांब राहा. कापूस हवेतली ओल धरतो, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. प्रमाणित हिशेबात कापसासाठी ८.५ टक्के आणि पॉलिएस्टरसाठी ०.४ टक्के आर्द्रता मिळवतात. पूर्ण वाळवून तोललेल्या कापडात कॉटन ४९ आणि पॉलिएस्टर ५१ भरलं, तर आर्द्रता मिळवल्यावर तेच कॉटन सुमारे ५१ होतं. कापड तेच, कोड दुसरा. प्रयोगशाळेचा अहवाल घेताना टक्केवारी कोणत्या आधारावर काढली ते त्यावर लिहून मागा, आणि पुरवठादाराचा अहवालही त्याच आधाराचा आहे का ते तपासा.

मोजायचा धागा फक्त कोड ठरवणाऱ्या भागाचा. कॉटनच्या जॅकेटला पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर अस्तर सोडून द्यायचं. पूर्ण जॅकेट दळून काढलेली टक्केवारी निरुपयोगी असते. म्हणून नमुना देताना प्रयोगशाळेला ‘बाहेरच्या कापडाचं धागा-प्रमाण, वजनाने’ असं स्पष्ट लिहून द्या. मुंबईत प्रभादेवीला वस्त्र समितीची प्रयोगशाळा आहे. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेली दुसरीही चालेल. घरी धागा जाळून पाहिला तर कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि राख होते, पॉलिएस्टर आकसून कडक मणी होतो. यावरून लेबल सरळ खोटं आहे का एवढं कळतं, टक्केवारी कळत नाही.

कोडवरून ड्युटी

कपड्यांवर बेसिक ड्युटी सर्वसाधारणपणे २० टक्के आहे. पण पुष्कळ ओळींवर ‘२० टक्के किंवा नगामागे अमुक रुपये, जे जास्त असेल ते’ असा दर आहे. स्वस्त मालाला हा दुसरा भाग बोचतो. समजा तुमच्या ओळीवर नगामागे ८५ रुपयांची अट आहे. न्हावा शेव्यापर्यंतचं भाडं-विमा धरून शर्टाची किंमत ४०० रुपये. २० टक्के म्हणजे ८०, अट ८५ ची, म्हणून ड्युटी ८५. त्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ८.५०. एकूण ४९३.५० वर ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), २४.६८ रुपये. सगळं मिळून नगामागे सुमारे ११८ रुपये. इथे ४२५ रुपयांखालच्या प्रत्येक शर्टाला रुपयांची अट लागते. २०० रुपयांच्या शर्टावर ८५ म्हणजे साडेबेचाळीस टक्के होतात. ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या आठ आकडी ओळीचा त्या दिवसाचा दर आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) पाहा आणि रुपयांची अट कोणत्या किमतीखाली लागते तो काठ काढून घ्या.

आयजीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि किंमत त्याहून जास्त असेल तर १८ टक्के आहे.

नग म्हणजे नग. तीन टी-शर्टचं पाकीट तीन नग मोजलं जातं. इनव्हॉइस डझनात किंवा किलोत असेल तर नगांत करून घ्या. दोन हेडिंगमध्ये फुटणाऱ्या सेटचे दोन नग होतात, आणि रुपयांची अट दोन्हींना वेगळी लागू होऊ शकते.

बांगलादेशातून साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार) सवलतीत माल आणत असाल तर उगमाच्या (माल कुठे बनला याच्या) दाखल्यावरचे सहा आकडे आणि तुमच्या बिल ऑफ एंट्रीतले सहा आकडे जुळले पाहिजेत. न जुळल्यास सवलत अडकते, कारण उगमाचा नियम कोडनुसार तपासला जातो. सप्टेंबर २०२० पासून उगमाची माहिती आयातदाराकडे असणंही बंधनकारक आहे, नुसता दाखला पुरत नाही. १७ मे २०२५ पासून बांगलादेशचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून येऊ शकतात, जमिनीवरच्या नाक्यांवरून नाही. नाशिकसाठी हे सोयीचंच आहे, कारण न्हावा शेव्याहून माल भिवंडी-कसारा मार्गे थेट येतो.

बंदी घातलेल्या अझो रंगांचे कपडे आणता येत नाहीत. निर्यातदार देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मालाबरोबर नसेल तर इथे नमुने काढले जातात आणि अहवाल येईपर्यंत माल अडकतो. वापरलेले कपडे ६३०९ मध्ये जातात आणि त्यांना डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. ‘स्टॉक लॉट’ म्हणून गाठोड्यांत बांधलेला माल घेताना त्यात वापरलेले कपडे मिसळलेले नाहीत याची खात्री करा. वापराच्या खुणा आणि गाठोड्यांचं पॅकिंग या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की अधिकारी ६३०९ कडेच पाहणार.

बिल ऑफ एंट्री

फेसलेस असेसमेंटमध्ये तुमचं बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात असू शकतो. त्याच्यासमोर कपडा नसतो, फक्त वर्णन असतं. ‘मेन्स पोलो’ एवढंच लिहिलं तर क्वेरी येणार. त्याऐवजी कोड ज्या गोष्टींवर उभा आहे त्या सगळ्या एका ओळीत द्या: पुरुषांचा अर्ध्या बाह्यांचा पोलो शर्ट, होजिअरी वीण, कॉलर आणि तीन बटणांची पट्टी, ६० टक्के कॉटन ४० टक्के पॉलिएस्टर, कमरेखाली खिसा नाही, तळाशी रिब नाही, सेंटिमीटरला १० पेक्षा जास्त टाके, स्टाइल क्रमांक, नग. सोबत समोरचा, मागचा, आतला आणि लेबलचा फोटो, धाग्याचा अहवाल आणि साइज चार्ट ई-संचितवर (कस्टम्सला कागदपत्रं ऑनलाइन देण्याच्या सोयीवर) चढवा.

बिल साधारणपणे जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये लागतात. म्हणून कोडची चर्चा जहाज निघण्यापूर्वीच संपवा.

तरीही कोडबद्दल खरी शंका राहिली तर अंदाजाने स्वस्त कोड टाकू नका. फर्स्ट चेक मागा, म्हणजे आधी माल तपासला जाईल आणि मग असेसमेंट होईल. अहवालाची वाट पाहायची असेल तर कलम १८ खाली बाँड देऊन तात्पुरतं असेसमेंट करून माल सोडवता येतो. तोच माल वर्षानुवर्षे आणणार असाल तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रुलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे माल येण्याआधी अर्ज करा. अर्जाचं शुल्क १०,००० रुपये, निर्णयाची मुदत तीन महिने, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर निर्णय पुढची काही वर्षं लागू राहतो. एकाच स्टाइलचे दोन कंटेनर आणणाऱ्याला याचा उपयोग नाही. दर हंगामात तोच रेनकोट आणणाऱ्याला खूप आहे.

कमी भरलेल्या ड्युटीची मागणी साधारणपणे दोन वर्षांपर्यंत निघू शकते. माहिती दडवली किंवा जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, त्यावर १५ टक्के व्याज आणि ड्युटीइतका दंड. म्हणून प्रत्येक स्टाइलचा एक नग पिशवीत सील करून, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, टाक्यांची मोजणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पुरवठादाराचं कोटिंगबद्दलचं पत्र त्यासोबत लावून पाच वर्षं गोदामात ठेवा. पिशवी कोरड्या कपाटात ठेवा, कारण पीयूचा थर दमटपणात चिकट होऊन सुटतो. थर सुटलेल्या नमुन्यावरून तो रेनकोट कोटिंगचा होता हे सिद्ध करता येत नाही.